खाऱ्या वाऱ्यात गेम बनवायचा संगणक

मालवण असो की गुहागर, गेम बनवायला निघालेला मुलगा दुकानात आधी ग्राफिक्स कार्डाची चौकशी करतो. गेम खेळायचा असेल तर ते ठीक. बनवणाऱ्याचा वेळ मात्र वाट बघण्यात जातो: प्रोजेक्ट उघडेपर्यंत, बदल तपासेपर्यंत, फोनवर टाकायची फाइल तयार होईपर्यंत. पैसे मोजके असतील तर ते ही वाट कमी करण्यावर खर्चावेत.

समजा, रापणीवरचा, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून करायच्या मासेमारीवरचा, साधा द्विमितीय गेम करायचा आहे. होड्या, जाळी, माणसं, लाटांचे आवाज मिळून बघता बघता ५,००० फायली होतात. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कच्या तबकडीला एका फेऱ्यासाठी ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा तो भाग समोर यायला सरासरी अर्धा फेरा, आणि वाचणारं डोकं जागेवर सरकायला आणखी ८ ते ९ मिलिसेकंद. फायली विखुरलेल्या असतील तर त्या नुसत्या शोधण्यातच मिनिटभर जातं. एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काही नसतं, तिथे हेच काम अर्ध्या-एक सेकंदाचं. म्हणून पहिली खरेदी ५०० जीबीची एसएसडी. जुन्या लॅपटॉपलाही तीच आधी बसवावी.

दुसरी खरेदी रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, १६ जीबी. ती ८ जीबीच्या दोन पट्ट्यांत घ्या. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी माहिती पुरवते, दोन मिळून ५१.२. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर प्रोसेसरमधलं ग्राफिक्स याच रॅमवर जगतं, त्यामुळे एका पट्टीवर ते उपाशी राहतं. चार खाचांच्या मदरबोर्डवर बहुधा प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी खाच वापरतात. मॅन्युअल बघूनच बसवा.

प्रोसेसर रायझन ५ ५६००जी सारखा, ६ कोअरचा आणि आत ग्राफिक्स असलेला पुरतो. नावातलं शेवटचं अक्षर नीट वाचा: साध्या ५६०० मध्ये, किंवा इंटेलच्या ‘एफ’वाल्या प्रोसेसरमध्ये, ग्राफिक्स नसतं, आणि कार्डाशिवाय पडदा काळाच राहतो. गोडो किंवा युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमधले छोटे गेम या यंत्रावर होतात. अनरियल ५ या जड सॉफ्टवेअरचं गणित वेगळं आहे. त्याला ३२ जीबी रॅम आणि ८ जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड धरून चालावं लागतं. शेडर, म्हणजे रंग-प्रकाश कसा दिसावा हे ठरवणारे छोटे प्रोग्राम, तयार होताना अनेक प्रक्रिया एकदम मेमरी मागतात आणि ती संपली की सगळं यंत्र अडखळतं. सुरुवात त्याच्यापासून करू नये.

वाचलेले पैसे विजेकडे वळवा. इथे हा खर्च चैनीचा नाही. लाइट गेली की चांगला एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, पूर्ण भारावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. घरच्या इन्व्हर्टरला बॅटरीवर यायला याहून जास्त वेळ लागला तर संगणक बंद पडतो आणि लिहिली जात असलेली फाइल अर्धवट राहते. इन्व्हर्टरवर ‘यूपीएस मोड’चं बटण असेल तर ते लावा, म्हणजे तो बॅटरीवर लवकर येतो, आणि नवा घेताना प्युअर साइन वेव्हचाच, म्हणजे तारेतल्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा, घ्या; स्क्वेअर वेव्हवर काही एसएमपीएस कुरकुरतात किंवा बंद पडतात. इन्व्हर्टर नसेल तर ६०० व्हीएचा यूपीएस काम सेव्ह करून यंत्र बंद करण्यापुरता पुरतो.

अर्थिंगही तपासून घ्या. जांभ्यात पाणी ठरत नाही. मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि नेमका तेव्हाच वळवाचा गडगडाट सुरू होतो. सर्ज प्रोटेक्टरला जास्तीची वीज जमिनीत सोडायची असते. वाटच नसेल तर तो नुसता शोभेचा. खड्ड्यात पाणी घालत राहा, इलेक्ट्रिशियनकडून रोध मोजून घ्या. तो ५ ओहमच्या आत असावा. वीज कडाडू लागली की प्लगबरोबर लॅनची वायरही काढा.

उरला खारा वारा. वाऱ्याबरोबर मिठाचे बारीक कण कॅबिनेटमध्ये शिरतात. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं. आपल्याकडे पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, तेच बोर्डावर होतं. त्या ओल्या थरातून वीज झिरपते आणि तांबं हिरवं पडतं. जुनं कार्ड विकत घेताना म्हणूनच आधी टॉर्च लावून जोडण्यांवर असा हिरवा थर आहे का ते बघा.

यावरचा उपाय बिनखर्चाचा आहे. २८ अंशांची ८५ टक्के आर्द्रतेची हवा ३८ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली येते. पाणी तेवढंच असतं, पण गरम हवेची ते धरायची ताकद वाढते. म्हणजे चालू यंत्र आतून कोरडं राहतं. पावसाळ्यात संगणक रोज निदान तासभर चालवा, समुद्राकडच्या खिडकीपासून लांब ठेवा, आणि जास्तीचे पंखे लावू नका. प्रत्येक पंखा आणखी मीठ आत ओढतो.

घर महिनोन्‌महिने बंद राहणार असेल तर एसएसडी आणि रॅम काढून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. नारंगी खडे घ्या. निळ्यांत विषारी कोबाल्ट क्लोराइड असतं. नारंगी खडे हिरवे पडले की बदलायचे.