पार्श्वभूमी : ‘खिल्लार’ नाव आधी कळपाचं

सोलापूरकडे खिल्लार म्हटलं की उंचापुरा, लांब शिंगांचा पांढरा बैल डोळ्यांपुढे येतो. मुळात मात्र खिल्लार म्हणजे गुरांचा कळप आणि तो राखणारा खिल्लारी. ‘जनावर’ फारसीतून आलं, जीव असलेलं ते. ‘गुरं’ संस्कृत ‘गोरूप’पासून. खिल्लार या दोन्हींपेक्षा वेगळं, कारण ते एका जनावराचं नाव नव्हतंच. माळरानावर कळपाने वाढणाऱ्या गुरांना कळपाचंच नाव चिकटलं आणि सरकारदरबारी ते जातीचं नाव झालं.

खरा गुंता पोटभेदांचा आहे. दप्तरात चार नोंदले गेले. आटपाडी महाल हे नाव औंध संस्थानच्या महालावरून, म्हसवड हे गावावरून, थिल्लारी हे पाळणाऱ्यांवरून. चौथ्याला मात्र ‘नकली’ म्हटलं गेलं. रंग करडा, पुढच्या अंगावर विटकरी झाक, एवढाच त्याचा गुन्हा. पिढ्यान्‌पिढ्या नांगर ओढलेल्या गुरांना नकली ठरवणं अन्यायाचं होतं. अस्सल कोणतं हे कागदावर आधी ठरलं आणि पाळणाऱ्याला कुणी विचारलं नाही. सांगोला-मंगळवेढ्याकडचे शेतकरी आजही कोसा, काजळी, हरण्या असं रंगावरून बोलतात. सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात गिऱ्हाईक आधी जबडा उघडून दात बघतं. आदत (दुधाच्या दातांचा), दुसा (दोन पक्क्या दातांचा) की चौसा (चार दातांचा), त्यावर किंमत. मग खूर, पाठीची रेघ, शेपटीचा काळा गोंडा. पोटभेदाची चौकशी तिथे होत नाही.

ट्रॅक्टर आला तशी बैलांची गरज घटली. 2011 मध्ये केंद्राच्या अधिसूचनेने बैलाचे खेळ बंद केले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 7 मे 2014 च्या निकालाने शर्यतीवर शिक्कामोर्तबाची बंदी आली. पुढच्याच वर्षी राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हातारा बैल विकायची वाट बुजली आणि नवा खोंड पाळायचं एक मोठं कारणही गेलं. दोन्ही घाव एकाच दावणीवर बसले. डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली, 18 मे 2023 ला त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा उचलून धरला आणि पळणाऱ्या खोंडांचे भाव पुन्हा चढले.

ही तेजी गायीपर्यंत पोचली नाही. खिल्लार गाय दूध कमी देते, डेअरीचा हिशेब जर्सी-होल्स्टीनच्या बाजूने लागतो. कळप मोडला तो इथे.

30 सप्टेंबर 2024 ला राज्याने देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ म्हटलं. त्या ठरावात पश्चिम महाराष्ट्राची म्हणून खिल्लारचं नाव आहे. त्याच दिवशी देशी गायींसाठी रोज 50 रुपयांचं अनुदान मंजूर झालं, पण ते गोशाळांतल्या गायींना. खोंड ज्या गायीच्या पोटी जन्मतो ती शेतकऱ्याच्या गोठ्यात असते आणि त्या अनुदानात ती बसत नाही.