तिरळा डोळा आणि आळशी डोळा: गल्लत नेमकी कुठे होते?

तिरळा डोळा फोटोत दिसतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही दिसतो. आळशी डोळा कुणालाच दिसत नाही. ज्या मुलाचा आहे त्यालाही तो कळत नाही, कारण दुसरा डोळा सगळं काम बिनबोभाट करत असतो.

तिरळेपणा म्हणजे दोन डोळ्यांच्या दिशा न जुळणं. प्रत्येक डोळा सहा स्नायूंनी फिरतो. त्यांचा ताळमेळ बिघडला की एक डोळा समोर आणि दुसरा नाकाकडे, बाहेर, वर किंवा खाली जातो. आळशी डोळ्याचं तसं नाही. डोळ्यातलं भिंग स्वच्छ, आतला पडदा ठीक, चष्म्याचा नंबर अचूक, तरी त्या डोळ्याने तक्त्यावरच्या खालच्या ओळी वाचता येत नाहीत. इथे दोष मेंदूच्या मागच्या भागातल्या दृष्टिकेंद्रात असतो.

बघायला मेंदूला शिकावं लागतं, आणि हे शिक्षण मुख्यतः पहिल्या सात-आठ वर्षांत होतं. ह्यूबेल आणि वीझल या दोन शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लांची एका बाजूची पापणी शिवून ठेवली आणि काही महिन्यांनी उघडली. डोळा शाबूत होता, पण दृष्टिकेंद्रातल्या जवळजवळ कुठल्याच पेशी त्या डोळ्याला दाद देईनात. मोठ्या मांजरांत मात्र असा परिणाम दिसला नाही. दृष्टिसंस्थेवरच्या संशोधनासाठी दोघांना १९८१ चं नोबेल मिळालं. लहान मुलांचे डोळे लवकर तपासा, असं डॉक्टर का म्हणतात त्याचं मूळ इथे आहे.

गल्लत होते कारण तिरळेपणातून आळशीपणा येऊ शकतो. दोन डोळे दोन दिशांना असले की मेंदूकडे न जुळणारी दोन चित्रं येतात. लहान मुलाचा मेंदू त्यातलं एक दाबून टाकतो. नेहमी एकाच डोळ्याचं चित्र दाबलं गेलं की तो डोळा मागे पडतो. पण आलटून-पालटून तिरळं बघणाऱ्या मुलाचे दोन्ही डोळे सहसा तयार होतात, म्हणजे तिरळेपणा आहे पण आळशीपणा नाही.

उलट प्रकार जास्त फसवा. एका डोळ्याचा नंबर +१, दुसऱ्याचा +४. दोन्ही डोळे फोकस एकाच मापाने साधतात आणि ते माप चांगला डोळा ठरवतो. +४ चा डोळा कायम धूसर राहतो. नजर अगदी सरळ, म्हणून घरात कुणाला शंकाही येत नाही. जन्मजात मोतीबिंदू किंवा बाहुली झाकणारी खाली आलेली पापणी यांनीही हेच घडतं.

तपासण्याच्या पद्धतीही वेगळ्या. तिरळेपणासाठी बॅटरीचा उजेड समोरून टाकतात आणि त्याचा ठिपका दोन्ही डोळ्यांत सारख्याच जागी पडतो का ते पाहतात. ठिपका १ मिलिमीटर सरकलेला असेल तर तिरळेपणा साधारण ७ अंश. नाक बसकं आणि डोळ्याच्या कोपऱ्यात त्वचेची घडी असलेलं बाळ नुसतंच तिरळं भासतं. तिथे ठिपके सरळ असतात. आळशीपणासाठी एकेक डोळा वेगळा तपासावा लागतो, तोही चिकटपट्टीने झाकून. हाताने झाकला तर मुलं बोटांच्या फटीतून हमखास बघतात. शिवाय आळशी डोळा सुटं अक्षर वाचतो आणि ओळीत अडखळतो, त्यामुळे एकेक अक्षर दाखवून घेतलेली तपासणी फसवते.

आळशी डोळ्याचा उपचार चष्म्याने सुरू होतो. काही मुलांत तीन-चार महिने नियमित चष्मा लावूनच बराच फरक पडतो. तेवढ्याने भागलं नाही तर चांगल्या डोळ्यावर पट्टी: मध्यम आळशीपणात रोज २ तास, तीव्र असेल तर ६. पट्टी चष्म्यावर नको, कातडीवर चिकटवा. पर्याय म्हणून चांगल्या डोळ्यात ॲट्रोपिनचे थेंब घालून तो धूसर करतात. दोन्ही उपायांत ठरलेल्या तारखांना तपासणी चुकवू नये, कारण अति झालं तर चांगला डोळाच मागे पडू शकतो. पट्टी एकदम बंद केली तर कमावलेली नजर काही मुलांत पुन्हा घसरते.

तिरळेपणात काहींना नुसता प्लस नंबरचा चष्मा पुरतो. बाकीच्यांत स्नायू सैल किंवा घट्ट करण्याची शस्त्रक्रिया करतात. त्यासाठी डोळा बाहेर काढत नाहीत. ही भीती अजून घरोघरी आहे. शस्त्रक्रियेने दिशा सुधारते, आळशीपणा जात नाही, म्हणून नंतरही चष्मा आणि पट्टी चालू राहू शकते. हे आधी सांगितलं नाही तर पालक पट्टी सोडून देतात.

पहिले तीन-चार महिने बाळाचे डोळे अधूनमधून भरकटले तरी चालतं. त्यानंतरही तिरळेपणा राहिला तर "नशीबवान आहे" म्हणत थांबू नका. बाहुलीत पांढरी झाक दिसली तर वय कितीही असो, लगेच नेत्रतज्ज्ञ गाठा. त्यामागे मोतीबिंदू किंवा पडद्याचा कर्करोग असू शकतो. मोठ्या माणसाचा डोळा अचानक तिरळा झाला तर त्याला एकाचे दोन दिसतात, कारण प्रौढ मेंदूला दुसरं चित्र दाबता येत नाही. त्यामागे मधुमेह किंवा मेंदूतल्या नसेवरचा दाब असू शकतो, तेव्हा त्याच दिवशी दवाखान्यात जावं.