चोकचेरीचा थंडीचा हिशेब

जानेवारीत शिवाजीनगरचे किमान तापमान दहा अंशांखाली उतरले की वर्तमानपत्रांत ‘पुणे गारठले’ असे मथळे झळकतात आणि त्याच सुमारास गच्चीवरच्या कुंडीत चेरी लावण्याच्या जाहिराती मोबाइलवर फिरू लागतात. रोपाच्या बुंध्याशी रोज बर्फाचे खडे ठेवले की झाडाला ‘काश्मीरचा भास’ होतो, असा सल्लाही त्यांच्यासोबत हिंडत असतो. दुसरीकडे, अमेरिकेतील डेन्व्हर किंवा कॅनडातील कॅल्गरीला स्थायिक झालेल्या पुणेकरांना पडणारा प्रश्न नेमका उलटा असतो: जिथे पाऊस बेताचा आणि हिवाळ्यात पारा उणे तीसपर्यंत घसरतो, तिथे अंगणात कोणते फळझाड तग धरेल? या दुसऱ्या प्रश्नाचे एक चांगले उत्तर चोकचेरी हे आहे आणि ते समजून घेताना पहिल्या सल्ल्यातील फोलपणाही आपोआप उघड होतो.

चोकचेरी, म्हणजे प्रुनस व्हर्जिनियाना, ही पीच, जर्दाळू, आलुबुखार आणि बदाम यांच्याच ‘प्रुनस’ या प्रजातीतली (जीनस). न्यूफाउंडलंडपासून ब्रिटिश कोलंबियापर्यंत ती रानात वाढते आणि नॉर्थ डकोटाने २००७ मध्ये तिला राज्यफळाचा मान दिला. मे-जूनमध्ये पांढऱ्या फुलांचे लांबट घोस येतात आणि ऑगस्टनंतर वाटाण्याएवढी काळसर फळे पिकतात. ती इतकी तुरट असतात की कच्ची खाणाऱ्याचा घसा आवळतो, म्हणून त्यांचा उपयोग मुख्यतः जेली आणि सरबतासाठी होतो.

थंडी हा झाडांचा शत्रू असून थंड प्रदेशातली झाडे ती कशीबशी सोसतात, असा आपला सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात अशा झाडांना थंडी हवी असते. उन्हाळा सरून दिवस लहान होऊ लागले की फांदीवरचे डोळे (द्राक्षबागायतदार कळीला हाच शब्द वापरतात) खवल्यांच्या आवरणात मिटतात आणि त्यानंतर ऑक्टोबरमध्ये आठवडाभर ऊबदार हवा पडली तरी ते फुटत नाहीत. ही खरी सुप्तावस्था होय. बर्च आणि पॉप्लर या झाडांवरील प्रयोगांत असे दिसले आहे की या काळात डोळ्यातील पेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांची तोंडे कॅलोज नावाच्या शर्करायुक्त पदार्थाने बुजलेली असतात, त्यामुळे वाढीचे संदेश एका पेशीकडून दुसरीकडे पोहोचतच नाहीत. पीचमध्ये या अवस्थेशी निगडित असा सहा जनुकांचा संच सापडला आहे. मेक्सिकोतील पीचच्या ज्या वाणात या संचात बिघाड आहे, त्याच्या फांद्यांची टोके हिवाळ्यातही वाढायची थांबत नाहीत. थंडी पडू लागली की ही जनुके ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेली असतात त्यांवर विशिष्ट रासायनिक खुणा हळूहळू साचत जातात, जनुकांचे काम मंदावते, कॅलोज विरघळवणारे विकर (एन्झाइम) तयार होते आणि वाहिन्या मोकळ्या होतात. पेशीचे विभाजन झाले तरी अशा खुणा टिकू शकतात, म्हणून मधल्या एखाद्या ऊबदार दिवसाने साऱ्या हिवाळ्याची आठवण पुसली जात नाही.

ही मोजणी प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे करतो. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात ब्ल्यूबेरीचे एक झुडूप काचगृहात ठेवून त्याची एकच फांदी भोकातून बाहेरच्या थंडीत काढली होती. वसंतात त्या एका फांदीला पालवी फुटली; आत उबेत राहिलेले बाकीचे झुडूप मात्र निजलेलेच राहिले, जरी दोघांची मुळे एकच होती. बुंध्याशी बर्फ ठेवणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर वाचावा, कारण ज्या डोळ्याला थंडी मोजायची आहे तो हातभर वर, दुपारच्या उन्हात असतो.

मोजायची थंडी किती अंशांची, हा याहून रंजक भाग आहे. यूटा या कोरड्या व थंड राज्यात १९७४ मध्ये पीचसाठी बसवलेल्या गणितानुसार सुमारे अडीच ते नऊ अंश सेल्सिअसमधला प्रत्येक तास पूर्ण एक एकक म्हणून जमा होतो, नऊ ते साडेबारा अंशांमधला तास अर्धा धरला जातो, सोळा अंशांच्या वर वजाबाकी सुरू होते आणि गोठणबिंदूखाली काहीच जमा होत नाही. म्हणजे कॅल्गरीतली उणे पंचवीसची रात्र या हिशेबात शून्य किमतीची असते. तेथील झाडांची खरी कमाई गोठण्याआधीच्या शरदात आणि बर्फ वितळण्याच्या दिवसांत होते. पुण्यात जानेवारीच्या रात्री जे थोडेफार जमते ते दुपारचे अठ्ठावीस-तीस अंश खाऊन टाकतात. आपल्याकडे नाशिकच्या द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणीनंतर डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड हे डोळे फोडणारे रसायन लावतात, ते या न मिळालेल्या थंडीचीच काही अंशी भरपाई म्हणून.

लागवडीचे बहुतेक नियम यातूनच निघतात. मध्य हिवाळ्यापर्यंत हिशेब पुरा झाला की डोळ्यांना केवळ बाहेरच्या गारठ्याचाच अडसर उरतो. अशा वेळी कॅल्गरीला चिनूक हे ऊबदार वारे सुटले की लवकर फुलणारे जर्दाळू फसतात, तर उशिरा फुलणारी चोकचेरी बहुधा वाचते. धोका हिवाळ्याच्या तोंडाशी अधिक असतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये डेन्व्हरचे तापमान दोन-तीन दिवसांत चाळीस अंशांहून अधिक कोसळले आणि थंडीसाठी पुरती काटक न झालेली अनेक झाडे होरपळली. पेशींतील पाणी बाहेर जाऊन साखर दाटणे, म्हणजे बर्फ पेशीच्या आत न होता बाहेर व्हावा अशी तयारी, याला काही आठवडे लागतात. म्हणून ऑगस्टअखेरपासून पाणी कमी करावे आणि नत्रयुक्त खत मुळीच देऊ नये, नाहीतर कोवळी फूट थंडीच्या तावडीत सापडते.

कोरड्या हिवाळ्यात झाडे गारठ्याइतकीच तहानेनेही मरतात. डेन्व्हरचे वार्षिक पर्जन्यमान पुण्याच्या जवळपास निम्मे आहे. जमिनीवर बर्फ नसेल आणि हवा चार-पाच अंशांच्या वर असेल अशा दिवशी, दुपारी, महिन्यातून एक-दोनदा नव्या रोपाला पाणी द्यावे. कोवळ्या खोडाची नैर्ऋत्येकडील साल दुपारी तापून रात्री गोठते व तडकते, तिला नोव्हेंबर ते एप्रिल पांढरी पट्टी गुंडाळावी. जागा भरपूर उन्हाची व निचऱ्याची हवी आणि आच्छादन खोडापासून थोडे दूर ठेवावे. बियांनाही थंडी मोजावी लागते. ओल्या वाळूत, दोन ते पाच अंशांत, चार-पाच महिने ठेवल्यावर त्या रुजतात, अन्यथा शरदातच बाहेर पेराव्यात.

मुळांपासून निघणारे फुटवे दरवर्षी छाटावे लागतात, नाहीतर एका झाडाची जाळी होते. फांदीवर काळी गाठ दिसली तर ती बुरशी असते. हिवाळ्यात गाठीच्या वीतभर खालून फांदी कापून जाळावी. पाने, साल आणि बी चिरडले असता हायड्रोजन सायनाइड हे विष तयार होते, त्यामुळे कोमेजलेल्या फांद्या शेळ्यांपुढे टाकू नयेत आणि जेलीसाठी फळे शिजवताना बिया न फोडता गर गाळून घ्यावा.