तुरटीने बोअरचं पाणी मऊ होत नाही

बोअरच्या पाण्याने केस रखरखीत झाले की घरातलं कुणीतरी सांगतंच, ‘बादलीत तुरटी फिरव, पाणी मऊ होईल.’ होत नाही. तुरटी गढूळपणा खाली बसवते, म्हणून पाणी नितळ दिसतं. केस रखरखीत करणारा पाण्याचा जडपणा मात्र विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचा असतो, तो नितळ पाण्यातही तसाच राहतो.

‘पाणी उकळलं की मऊ होतं’ हेही अर्धंच खरं. बायकार्बोनेट प्रकारच्या क्षारांमुळे आलेला जडपणा उकळल्यावर जातो. गिझरच्या कॉइलवरचा पांढरा थर तोच. सल्फेट-क्लोराइडचा जडपणा उकळून हलत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात लिटरला २०० मिलिग्रॅम जडपणा चालतो, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत. बोअरला त्याहून जास्तही निघतो.

मग केसांचं काय? अंगाचा साबण डोक्याला लावू नका. साबण आणि कॅल्शियम मिळून चिकट साका होतो, तो केसांवर बसतो. (बादलीच्या कडेला हात फिरवून पाहा, तोच बुळबुळीत थर.) शिकेकाई-रिठ्याच्या फेसाचा असा साका होत नाही; आजीचं इथे बरोबर होतं. शेवटी मोठ्या तांब्याभर पाण्यात अर्ध्या लिंबाचा रस गाळून केसांवरून सोडा, आंबटपणाने क्षार सुटतात. मग साध्या पाण्याने धुवा. टाळूला जखम असेल तर लिंबू नको, झोंबेल. पावसाळ्यात पागोळ्यांखाली बादली ठेवा, पहिली सर वाहून गेल्यावर. त्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच.