धडधडत वाढलेली धमनी

बायपासमध्ये हृदयाला प्लास्टिकची नळी बसवतात, असा समज अजून सर्रास आढळतो. बायपास झालेल्या कुणाचा पाय पाहा. बहुतेकांच्या घोट्यापासून वर गेलेला टाक्यांचा लांब व्रण दिसेल. तिथली शीर काढून हृदयावर जोडलेली असते. डॅक्रॉनची, म्हणजे पॉलिस्टरच्या धाग्यांची, नळी महाधमनीसारख्या रुंद वाहिनीला चालते. 6 मिलिमीटरहून बारीक नळीत मात्र रक्ताच्या गुठळ्या होऊन ती लवकर तुंबते.

पण पायच चिरडला असेल तर शीर आणायची कुठून?

अमेरिकी संशोधक लॉरा निकलासन आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये प्रयोगशाळेत धमनी वाढवण्यासाठी डुकराच्या धमनीतल्या स्नायुपेशी एका जाळीदार नळीवर पेरल्या. जाळी पॉलीग्लायकॉलिक आम्लाची, म्हणजे आपोआप विरघळणारे टाके ज्याचे असतात त्याच पदार्थाची. खरी गंमत पुढे आहे. ही नळी पोषक द्रवात नुसती बुडवून ठेवली नाही. पंपाने तिला मिनिटाला 165 ठोके दिले, साधारण गर्भाच्या हृदयाच्या गतीने. प्रत्येक ठोक्याला नळी किंचित फुगायची आणि पेशी ताणल्या जायच्या. ताण बसला की स्नायुपेशी कोलॅजेनचे, म्हणजे भिंतीला बळकटी देणाऱ्या प्रथिनाचे, धागे जास्त विणतात. द्रवात क जीवनसत्त्वही होतं, कारण त्याच्याविना कोलॅजेनच्या तीन पदरांचा पीळ टिकत नाही. स्कर्व्हीत हिरड्या सुटतात त्या याचमुळे. आठेक आठवड्यांत जाळी जवळपास विरघळली आणि पेशींनी स्वतः विणलेली भिंत उरली. ठोक्यांविना वाढवलेल्या नळ्या कमकुवत निघाल्या.

माणसासाठी मृत दात्यांच्या पेशी वापरतात. भिंत तयार झाली की पेशी धुऊन काढतात. परकी ओळख मुख्यतः पेशींवर असते, कोलॅजेन सगळ्या माणसांत जवळपास सारखंच. त्यामुळे ही नळी कुणालाही बसवता येते आणि फ्रीजमध्ये तयार ठेवता येते. युक्रेनमधल्या युद्धजखमींवर ती वापरली गेली. डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने तिला मान्यता दिली, पण फक्त प्रौढांच्या हातापायांच्या धमनीला इजा झाली असेल, रक्तपुरवठा तातडीने सुरू करायचा असेल आणि स्वतःची शीर वापरणं शक्य नसेल तेव्हा. नळी फुटण्याच्या धोक्याचा ठळक इशाराही सोबत आहे. तेव्हा ‘आता बायपास इतिहासजमा’ अशा मथळ्यांवर विश्वास ठेवू नका. लसूण-लिंबाच्या काढ्याने ब्लॉकेज उघडतात, या व्हॉट्सअॅपवरच्या संदेशावर तर मुळीच नको. त्यापायी माणसं गोळ्या बंद करतात.

मला सर्वांत भावतं ते नळी बसवल्यानंतरचं. काही रुग्णांतून पुढे काढलेले नळीचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर पेशी धुऊन रिकाम्या केलेल्या त्या भिंतीत रुग्णाच्याच स्नायुपेशी येऊन राहिल्या होत्या.