दीडशे मिलिमीटरचं खोकं एकशे साडेबारा कसं होतं?

समजा, फणसपोळीच्या खोक्याचं डिझाइन मुंबईत कुणी इलस्ट्रेटर या चित्रं काढण्याच्या प्रोग्रॅममध्ये केलं. खोक्याची समोरची बाजू १५० मिमी रुंद आणि १०० मिमी उंच. फाइल एसव्हीजी या प्रकारात साठवून कुडाळला पाठवली. तिथे ती इंकस्केप या तशाच दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली, तर रुंदी भरली ११२.५ मिमी आणि उंची ७५. अक्षरं जागच्या जागी, रंग बरोबर, फणसाचा एक काटासुद्धा हललेला नाही. चित्र तेवढं पाऊणपट झालेलं. सगळीकडून सारखंच आटल्यामुळे पडद्यावर काही खटकत नाही आणि छपाईची प्लेट निघेपर्यंत चूक कुणाच्या लक्षात येत नाही.

अशा वेळी बहुतेक जण कोपरा धरून चित्र नजरेनं मोठं करतात. ते करू नये. चित्र नेमकं किती पटीनं चुकलं हे मोजलं, तर चूक कुठे झाली ते तो आकडाच सांगतो. इथे तो ०.७५ आहे आणि ७२ भागिले ९६ हेसुद्धा ०.७५च.

एसव्हीजी ही साधी मजकुराची फाइल असते. नोटपॅडमध्ये उघडली तर सुरुवातीलाच तीन गोष्टी दिसतात: विड्थ (रुंदी), हाइट (उंची) आणि व्ह्यूबॉक्स. व्ह्यूबॉक्समध्ये चार आकडे असतात. पहिले दोन चित्र कुठून सुरू होतं ते सांगतात, पुढचे दोन चित्राची आतली रुंदी आणि उंची. या आतल्या आकड्यांना कुठलंही माप नसतं. ते मिलिमीटर नाहीत, इंचही नाहीत. शेतातलं अंतर पावलांनी मोजावं तसे ते आहेत. पाऊल केवढं ते ठरतं विड्थ आणि हाइटवरून. विड्थ १५० मिमी आणि व्ह्यूबॉक्सची रुंदी १५० असेल, तर एक पाऊल एक मिलिमीटरचं. व्ह्यूबॉक्सची रुंदी ३०० असेल, तर अर्ध्या मिलिमीटरचं.

घोळ होतो तो विड्थच्या पुढे एककच लिहिलेलं नसतं तेव्हा. नुसता आकडा असला की तो पिक्सेल धरायचा असा नियम आहे. मग एका इंचात पिक्सेल किती, हा प्रश्न येतो आणि त्याला तीन उत्तरं आहेत.

पहिलं उत्तर ७२. छपाईच्या पोस्टस्क्रिप्ट भाषेत एक पॉइंट म्हणजे इंचाचा ७२ वा भाग. इलस्ट्रेटर त्याच परंपरेतला, म्हणून तो एक पिक्सेल म्हणजे एक पॉइंट धरतो. दुसरं उत्तर ९६. वेबच्या सध्याच्या नियमांत एक इंच म्हणजे ९६ पिक्सेल हे पक्कं ठरलेलं आहे. ब्राउझर तेच मानतात आणि आजचा इंकस्केपही. तिसरं उत्तर ९०, ते जुन्या इंकस्केपचं. जानेवारी २०१७ मध्ये आलेल्या ०.९२ या आवृत्तीपासून इंकस्केपनं ९० सोडून ९६ धरलं. पण त्याआधी केलेले लोगो आणि लेबलं अजून लोकांच्या पेनड्राइव्हवर आहेत आणि दरवर्षी हंगामाच्या तोंडावर बाहेर निघतात.

आपल्या खोक्याचा हिशोब मांडू. १५० मिमी म्हणजे ४२५.२ पॉइंट. इलस्ट्रेटरनं फाइलमध्ये नुसतं ४२५.२ लिहिलं. इंकस्केपनं ते ४२५.२ पिक्सेल म्हणून वाचलं, ९६ नं भागलं, २५.४ नं गुणलं आणि उत्तर आलं ११२.५ मिमी. दोन्ही प्रोग्रॅम आपापल्या जागी बरोबर आहेत, म्हणूनच पडद्यावर कुठलीही सूचना येत नाही.

याच पद्धतीनं बाकीच्या पटी निघतात. इंकस्केपमध्ये पिक्सेलमध्ये केलेली फाइल इलस्ट्रेटरमध्ये उघडली की चित्र १३३.३३ टक्के होतं. जुन्या इंकस्केपची फाइल ९६ च्या हिशोबानं वाचली गेली तर ९३.७५ टक्के. ही सगळ्यांत फसवी, कारण १५० चे १४०.६ झालेले डोळ्यांना कळत नाहीत. नवा इंकस्केप अशी जुनी फाइल उघडताना बहुधा विचारतो, ही ९० ची दिसते, काय करू? तिथे घाईनं एंटर दाबू नका. जुनी इंकस्केप फाइल इलस्ट्रेटरमध्ये गेली की १२५ टक्के होते आणि इलस्ट्रेटरची फाइल जुन्या इंकस्केपमध्ये ८० टक्के. चित्र २.८३ पट झालं असेल, तर पॉइंटचे आकडे कुणीतरी थेट मिलिमीटर म्हणून वाचलेत. ३.७८ पट झालं असेल, तर ९६ च्या पिक्सेलचे.

पाऊणपट झालं तर एवढं काय बिघडलं, असं वाटेल. खोक्याच्या मागच्या बाजूचा बारकोड पाहा. दुकानात चालणाऱ्या तेरा आकडी बारकोडचं मूळ माप दोन्ही बाजूंच्या कोऱ्या जागेसह ३७.२९ मिमी रुंद आणि २५.९३ मिमी उंच. त्यातली सर्वांत बारीक रेघ ०.३३ मिमी. हा बारकोड ८० टक्क्यांपर्यंत लहान करायला परवानगी आहे, त्याखाली नाही. ७५ टक्क्यांना रुंदी २८ मिमीच्या आसपास येते आणि रेघ ०.२५ मिमीच्या. म्हणजे बरोबर मापात केलेला बारकोड, फाइल एकदा आयात केली (दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये घेतली) की, मर्यादेच्या बाहेर जातो. शाई किंचित पसरली की रेघांमधल्या फटी बुजतात आणि स्कॅनर तो वाचत नाही. आंब्याच्या पेटीसारख्या पन्हळी पुठ्ठ्यावर शाई आणखी पसरते, म्हणून तिथे बारकोड मूळ मापापेक्षा लहान करूच नये.

शाकाहाराच्या हिरव्या ठिपक्याचंही तेच. खोक्याची समोरची बाजू १५ गुणिले १०, म्हणजे १५० चौरस सेंमी. १०० ते ५०० चौरस सेंमीच्या दर्शनी भागावर ठिपक्याचा व्यास किमान ४ मिमी हवा आणि भोवतीच्या चौकोनाची बाजू त्याच्या दुप्पट, ८ मिमी. पाऊणपट झाल्यावर ठिपका ३ मिमीचा उरतो. ३ मिमी चालतो तो १०० चौरस सेंमीपर्यंतच्या दर्शनी भागाला. खोकं सुंदर छापलेलं असलं तरी नियमात बसत नाही.

दुरुस्ती मुळाशी करावी आणि ती अवघड नाही. फाइलची एक प्रत काढून नोटपॅडमध्ये उघडा. विड्थ ४२५.२ असेल तिथे १५० लिहून त्याला चिकटून मिलिमीटरची इंग्रजी अक्षरं, एमएम, लिहा. हाइटमध्ये तसंच १०० आणि एमएम. मध्ये जागा सोडायची नाही. आकडे आणि अक्षरं रोमनच हवीत, फाइलमध्ये देवनागरी आकडे चालत नाहीत. व्ह्यूबॉक्सला हात लावायचा नाही. तो मुळातच नसेल, तर मात्र आधी घालावा लागतो: शून्य, शून्य, मग जुने विड्थ आणि हाइटचे आकडे एककाशिवाय. ही पायरी राहिली तर कागद १५० मिमीचा होतो आणि चित्र आत जुन्याच मापात कोपऱ्यात पडून राहतं. एवढं केल्यावर फाइल कुठेही उघडा, १५० मिमीच येईल, कारण मिलिमीटर लिहिलेला असला की पिक्सेलचा प्रश्नच उद्भवत नाही. इंकस्केपमध्ये हेच काम डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये होतं. एकक मिमी निवडा, मग रुंदी, उंची आणि स्केल तपासा.

विड्थ आणि हाइट दोन्ही गायब असतील तर? इलस्ट्रेटरच्या एसव्हीजी पर्यायांत 'रिस्पॉन्सिव्ह' नावाची एक चौकट असते. तिच्यावर टिक असली की तो हे दोन्ही आकडे लिहीतच नाही, फक्त व्ह्यूबॉक्स ठेवतो. वेबसाइटसाठी ते उत्तम, कारण चित्र मिळेल त्या जागेत बसतं. छपाईसाठी ते घातक. घेणारा प्रोग्रॅम मग अंदाज करतो. कुणी व्ह्यूबॉक्सचे आकडे पिक्सेल धरतो, कुणी चित्र पानभर ताणतो. व्ह्यूबॉक्सही नसेल, तर ब्राउझर ३०० गुणिले १५० पिक्सेलची ठरावीक चौकट देतो. चित्र विनाकारण दोनास एक अशा आडव्या चौकटीत अडकलेलं दिसलं, तर कारण हेच समजा. छापखान्याला फाइल देताना ती टिक काढलेली असावी.

इनडिझाइन आणि कोरलड्रॉ या डिझाइनच्या प्रोग्रॅममध्ये आणखी एक चूक नेहमी होते आणि ती फाइलची नसते, हाताची असते. आयात केल्यावर कर्सर चित्रानं भरलेला असतो. त्या वेळी नुसतं एकदा क्लिक केलं तर चित्र स्वतःच्या मापात उतरतं. क्लिक करून माउस जरा ओढला गेला, तर ओढलेल्या चौकोनात बसेल एवढंच होतं. कोरलमध्ये एंटर दाबलं तर ते पानाच्या मध्यावर मूळ मापात येतं आणि घाईच्या कामात हाच रस्ता चांगला. इनडिझाइनमध्ये वरच्या पट्टीत १०० टक्के दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नये. त्या प्रोग्रॅमनं फाइलचं जे माप समजून घेतलं, त्याचे ते १०० टक्के असतात. समजच पाऊण असेल, तर १०० टक्केही पाऊणच.

माप एक-दोन मिलिमीटरनंच चुकलं असेल, तर एककाला दोष देऊ नका. ते बहुधा रेघेच्या जाडीचं काम. ६० मिमी व्यासाच्या गोलाला १ मिमी जाडीची कड दिली की अर्धी जाडी आत आणि अर्धी बाहेर जाते. एक प्रोग्रॅम गोलाचा मूळ रस्ता, म्हणजे कडेच्या मधोमध जाणारी रेषा, मोजून ६० सांगतो, दुसरा कड धरून ६१. उलट चित्र एका कोपऱ्यात लहानसं आणि भोवती भरपूर मोकळी जागा असेल, तर दूर कुठेतरी एखादा एकटा बिंदू, लपवलेला थर किंवा मास्कखाली झाकलेला फोटो राहिलेला असतो. आर्टबोर्डप्रमाणे, म्हणजे डिझाइनसाठी ठरवलेल्या पानापुरतं, एक्सपोर्ट केलं की हा त्रास जातो.

आणि नाइलाजानं चित्र हातानं मोठं करावंच लागलं, तर आकडा टाकून करा: ७५ टक्क्यांची दुरुस्ती १३३.३३३ टक्के. त्याआधी रेघांची जाडी चित्राबरोबर बदलण्याचा पर्याय चालू आहे ना ते बघा. तो बंद असेल तर चित्र वाढतं आणि रेघा बारीकच राहतात. अक्षरंही आधी कर्व्ह करून, म्हणजे त्यांचे नुसते आकार बनवून, घ्यावीत, कोरलमध्ये कंट्रोल-क्यू. मराठी फॉन्ट समोरच्या संगणकावर नसला, तर दुसरा फॉन्ट येऊन ओळीची लांबी बदलते आणि जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधला मजकूर तर वाचताच येत नाही.

हर्णै किंवा मालवणला होडीचं नाव आणि नोंदणी क्रमांक रेडियममध्ये कापून लावतात, तिथे फाइल बहुधा डीएक्सएफ या प्रकारची असते. डीएक्सएफमधले आकडेही एककाविना असतात. एकक कोणतं ते फाइलच्या सुरुवातीच्या एका नोंदीत असतं, १ म्हणजे इंच आणि ४ म्हणजे मिलिमीटर. जुन्या पद्धतीच्या फाइलींत ती नोंदच नसते. ६०० मिमी लांबीचं नाव इंच म्हणून वाचलं गेलं तर ते १५.२४ मीटरचं होतं, होडीपेक्षाही लांब, आणि ही चूक लगेच दिसते. उलटी चूक जास्त त्रासाची. इंचात काढलेलं २४ मापाचं नाव मिलिमीटर म्हणून वाचलं गेलं की ते पडद्यावर ठिपक्याएवढं दिसतं. मग कुणीतरी ते ओढून अंदाजानं मोठं करतं आणि लांबी-उंचीचं प्रमाण तिथे बिघडतं. इथे पट २५.४ आहे. तेवढाच आकडा टाका.

जत्रेच्या किंवा गणपतीच्या फ्लेक्सची अडचण वेगळी. पीडीएफमध्ये पानाची नेहमीची कमाल मर्यादा १४,४०० पॉइंट, म्हणजे २०० इंच किंवा १६ फूट ८ इंच. वीस फुटी फ्लेक्स २४० इंचांचा, त्यात मावत नाही. म्हणून तो दहास एक प्रमाणात, २४ गुणिले १२ इंच असा करतात. काही प्रोग्रॅम मोठ्या पानासाठी पीडीएफमध्ये एकक वाढवल्याची नोंद ठेवतात, पण छपाईच्या यंत्राचं सॉफ्टवेअर ती नोंद वाचेलच असं नाही. फाइलच्या नावातच '१ ला १०, छपाई २० × १० फूट' असं लिहून द्यावं.

कुठल्याही कामाला चालेल अशी एक खूण आहे. डिझाइनबाहेर, कापून जाणाऱ्या भागात, १०० मिमीची एक आडवी रेघ काढा आणि तिच्यावर '१०० मिमी' असं लिहा. ही रेघ पानाच्या किंवा आर्टबोर्डच्या आत असावी, नाहीतर एक्सपोर्टमध्ये गळेल. फाइल उघडणाऱ्यानं सगळ्यात आधी तीच मोजायची. ७५ भरली तर ७२ आणि ९६ चा गोंधळ, ९३.७५ भरली तर जुना इंकस्केप, २५४० भरली तर इंच आणि मिलिमीटर. पहिला प्रूफ साध्या ए-४ कागदावर काढताना प्रिंटरच्या खिडकीतलं 'फिट टू पेज' बंद ठेवायचं आणि ही रेघ स्टीलच्या पट्टीनं मोजायची. ती १०० भरली की मग प्लेट.