कॅसलरॉकच्या पलीकडची गोष्ट

माझी भाची दहावीत आहे. गेल्या मे महिन्यात बेळगावातल्या टिळकवाडीच्या मैत्रिणीकडून तिने एक इंग्रजी कादंबरी आणली. मॉरीन जॉन्सन यांची, २००५ सालची. सतरा वर्षांची एक मुलगी, वारलेल्या मावशीने मागे ठेवलेली तेरा पाकिटं, आणि एका वेळी एकच पाकीट उघडत एकटीने केलेला युरोपचा प्रवास. वाटेत एक मुलगाही भेटतो. दोन रात्रींत पुस्तक संपवून ती म्हणाली, "मामा, असलं मराठीत हाय काय? असंल तर दे की, वाचून लगेच परत देतो."

मला चटकन एकही नाव सुचलं नाही. प्रेम, गूढ, साहस आणि परका मुलूख, हे सगळं एका कोवळ्या वयाच्या नायिकेच्या वाट्याला देणारं पुस्तक आपल्याकडे का नसावं, ते शोधायला मी मागे मागे जात राहिलो. आणि गंमत म्हणजे फिरून आमच्याच पट्ट्यातल्या जांबोटी गावाला पोचलो.

हे मिश्रण मुळात फार जुनं आहे. इंग्रजीत १७९४ साली अ‍ॅन रॅडक्लिफ यांची 'द मिस्टरीज ऑफ उडोल्फो' आली. तिच्यातली एमिली ही फ्रान्समधली पोरकी मुलगी. आत्याचा नवरा तिला इटलीच्या डोंगरातल्या एका भयाण किल्ल्यात नेऊन ठेवतो. तिचं प्रेम मागे राहिलेलं, किल्ल्यात रात्री चमत्कारिक आवाज, आणि सुटका तिने स्वतःच शोधायची. हे लिहिताना रॅडक्लिफबाईंनी इटली पाहिलेलीच नव्हती. चित्रं आणि प्रवासवर्णनं यांवरून त्यांनी तो देश उभा केला. घरातून बाहेर पडणं अवघड असलेल्या वाचकांसाठी, तो देश न पाहिलेल्या बाईनेच तो लिहावा, हे मला फार बोलकं वाटतं.

'यंग अ‍ॅडल्ट' म्हणजे कुमारवयीन वाचकांसाठीचं हे वेगळं कपाट मात्र अमेरिकन ग्रंथालयांनी केलं. १९४२ मधली मॉरीन डॅली यांची 'सेव्हन्टीन्थ समर' ही या प्रकारातली आरंभीची कादंबरी मानली जाते. १९५७ मध्ये तिथल्या ग्रंथपालांनी या वयोगटासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. परदेश आणि रहस्य यांची सांगड मोठ्यांच्या कादंबऱ्यांत मेरी स्ट्युअर्ट यांनी पक्की केली. क्रीट बेटावर घडणारी त्यांची १९६२ ची कादंबरी दोनच वर्षांत डिस्नेने पडद्यावर आणली, ती कुमारवयातली नायिका घेऊन.

आता आपल्याकडे. 'यमुनापर्यटन' १८५७ मध्ये निघालं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण ते शाळेत पाठ केलं. त्याचे लेखक बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावात जन्मले, हे मात्र इथल्या किती मुलांना कुणी सांगितलं असेल? पुस्तकाच्या नावातच पर्यटन आहे. यमुना नवऱ्याबरोबर गावोगाव फिरते आणि विधवांचे हाल डोळ्यांनी पाहते. उद्देश सुधारणेचा आणि धर्माचा आहे, साहसाचा नाही. तरी मराठी कादंबरीने पहिलं पाऊल टाकलं तेच घराचा उंबरा ओलांडणाऱ्या तरुण मुलीबरोबर.

१८६१ ची 'मुक्तामाला' आणि १८६८ ची 'मंजुघोषा' यांनी प्रेम आणि अद्भुत आणलं. मग १८७१ मध्ये 'मोचनगड'. मराठीतली ही पहिली ऐतिहासिक कादंबरी लिहिणारे रामचंद्र भिकाजी गुंजीकर १८४३ साली जांबोटीत जन्मले. खानापूर तालुक्यातलं हे गाव चोर्ला घाटाच्या वाटेवर आहे, आणि ती वाट गोव्यात उतरते. म्हणजे त्या काळी पोर्तुगीज मुलखात. मराठी कादंबरीची पहिली पावलं टाकणारे दोघे आपल्या या पट्ट्यातले, ही गोष्ट मी अभिमानाने सांगतो.

परदेश मराठीत आला तो बहुधा वेषांतर करून. रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाच्या कादंबऱ्या नाथमाधव आणि गो. ना. दातारशास्त्री यांनी मराठीत आणल्या, तेव्हा त्यांतले लॉर्ड आपले सरदार झाले आणि लंडन विरघळून गेलं. पुढे तर या मिश्रणाच्या वाटण्याच झाल्या. रहस्य गेलं बाबूराव अर्नाळकरांकडे. हजारावर रहस्यकथा, झुंजार आणि काळापहाड हे नायक, आणि दिवसाच्या भाड्याने फिरणारी ती पुस्तकं. साहस आलं भा. रा. भागवतांकडे. त्यांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला आणि फुरसुंगीच्या बनेश ऊर्फ फास्टर फेणेला थेट गुलमर्गपर्यंत पळवलं. प्रेम राहिलं मोठ्यांच्या कादंबऱ्यांत, आई आणि मावशीच्या उशीखाली.

ही वाटणी आपोआप झाली असं मला वाटत नाही. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात छापली गेली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९६९ मध्ये न्यायालयाने ती कथा अश्लील नाही असा निकाल दिला, आणि प्रेम व प्रणय असलेलं कितीतरी साहित्य प्रौढांप्रमाणे किशोरांनाही उपलब्ध आहे, असंही नोंदवलं. न्यायालयाला जे दिसलं ते आपल्या घरांना आणि प्रकाशकांना दिसायला फार वेळ लागला. मुलांच्या पुस्तकातून प्रेम वगळलं की पुस्तक सुरक्षित झालं, ही समजूत पक्की बसली. सुहास शिरवळकरांची १९८२ ची 'दुनियादारी' कॉलेजच्या पोरांनी डोक्यावर घेतली, कारण त्या वयाशी खरं बोलणारं फारच थोडं होतं.

सीमाभागात त्यात आणखी एक गोष्ट मिळाली. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं, आणि इथली मराठी शाळा त्या राज्याची पाठ्यपुस्तकं शिकवू लागली. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ मध्ये सुरू झालं, पण ते महाराष्ट्राचं. आपल्या कडोली, येळ्ळूर, उचगावच्या संमेलनांत भाषेची आणि सीमाप्रश्नाची काळजी असते, ती असायलाच हवी. पण पंधरा वर्षांच्या मुलीला काय वाचायला द्यायचं, हाही भाषेचाच प्रश्न आहे. तिला मराठीत मिळालं नाही तर ती इंग्रजीत वाचेल. वाचतेच आहे.

आणि परदेश म्हणाल तर तो आपल्याला कधीच लांब नव्हता. लोंढ्याहून गाडी कॅसलरॉकला पोचली की ब्रिटिश हद्द संपायची. सामानाची तपासणी व्हायची आणि दूधसागरच्या बोगद्यांतून गाडी पोर्तुगीज राज्यात उतरायची. सोयरीक इकडची, देव तिकडचे. गोवा मुक्तीसाठीच्या १९५५ च्या सत्याग्रहाच्या काळात ती रेल्वे बंद पडली, आणि डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय फौज गोव्यात शिरली तिची एक मोठी तुकडी बेळगावातूनच गेली. मधली सहा वर्षं घाटाच्या दोन बाजूंना राहिलेली नाती, चोरवाटा, न पोचलेली पत्रं. इतकं सगळं असताना त्यावर कुमारवयीन नायिकेची एक मराठी कादंबरी माझ्या हाती लागू नये, याची मला खरोखर हळहळ वाटते.

भाचीला मी शेवटी फास्टर फेणेची चार पुस्तकं आणि 'दुनियादारी' दिली. आठवड्याने सगळी परत आली.

"भारी हाय रे मामा. पण भटकतो तो पोरगाच की."

मग मी तिला नकाशावर जांबोटी दाखवली, तिथून चोर्ला, आणि खाली गोवा. ती बराच वेळ त्या रेषेवर बोट फिरवत होती.